पाणी निवळते कसे? न्हावा शेवाचा गाळ आणि हमद पोर्टचे निळे पाणी

न्हावा शेवाच्या धक्क्यावरून सुटलेले कंटेनरचे जहाज घारापुरीचे बेट मागे टाकून बाहेर पडते तेव्हा त्याच्या दोन्ही बाजूंचे पाणी चहाच्या रंगाचे असते. तेही भरपूर दूध घातलेल्या चहाच्या. काही दिवसांनी तेच जहाज होर्मुझची सामुद्रधुनी ओलांडून दोह्याच्या दक्षिणेला, उम्म अल हौलच्या किनाऱ्यावरील हमद पोर्टला लागते. तिथले पाणी हिरवट निळे, आणि वारा पडलेला असला तर धक्क्याच्या भिंतीवरचे शेवाळ बरेच खोलवर दिसावे इतके नितळ असते. एकाच जहाजाने, एकाच अरबी समुद्राच्या दोन टोकांना पाहिलेली ही दोन पाणी. एकात माती का टिकून राहते आणि दुसऱ्यात का नाही, असा प्रश्न विचारला तर बहुतेक जण उत्तर देतील, "तिकडे नद्या आहेत, इकडे वाळवंट आहे." उत्तर बरोबर आहे, पण अर्धेच. कारण नदीने आणलेली माती पाण्यात तरंगत का राहते आणि मग बरोबर बंदराच्या तोंडाशीच येऊन का बसते, हे त्यातून कळत नाही. त्यासाठी मातीच्या कणाइतके लहान होऊन विचार करावा लागतो.

हा प्रश्न केवळ शास्त्रज्ञांच्या करमणुकीचा नाही. ५ जून २०१७ रोजी शेजारी देशांनी कतारशी संबंध तोडले आणि अबू सामराची जमिनीवरची एकमेव वाट बंद झाली. त्या दिवसांत इथे राहत असलेल्यांना दुकानांतली रिकामी फळ्यांची रांग आठवत असेल. तोवर दुबईच्या जेबेल अलीमार्गे येणारा माल थेट आणण्याची वेळ आली, आणि त्या वर्षाच्या मध्यास हमद पोर्ट आणि न्हावा शेवा व मुंद्रा यांच्यामध्ये थेट कंटेनर सेवा सुरू झाली. हमद पोर्टचे रीतसर उद्घाटन व्हायचे होते (ते ५ सप्टेंबर २०१७ ला झाले), पण जहाजे डिसेंबर २०१६ पासूनच लागू लागली होती. आपल्या स्वयंपाकघरातली तूरडाळ आणि पोहे त्या वेळी ज्या दोन बंदरांच्या भरवशावर होते, त्या दोन्ही बंदरांची खरी मालमत्ता क्रेन किंवा गोदामे नव्हे, तर खोली. बंदर म्हणजे शेवटी पाण्यात जपून ठेवलेला एक खड्डा. आणि खड्डा भरून काढणे हे गुरुत्वाकर्षणाचे आवडते काम.

प्रथम एक हिशेब करू. चिकणमातीचा एक कण घ्या, एक मायक्रॉन व्यासाचा, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माती पाण्याच्या अडीचपटीहून जड, तेव्हा तो बुडणार हे नक्की. किती वेगाने? जॉर्ज स्टोक्स या आयरिश गणितज्ञाने १८५१ मध्ये याचे सूत्र दिले. त्याप्रमाणे आपला कण सेकंदाला सुमारे ०.९ मायक्रॉन खाली जातो. हमद पोर्टच्या बेसिनची खोली १७ मीटर आहे. स्तब्ध पाण्यात वरून सोडलेला हा कण तळाला पोचायला सात महिन्यांहून अधिक काळ लागेल! गणपतीत सोडला तर पुढचा गुढीपाडवा उलटून गेल्यावर पोचेल. कणाचा व्यास दुप्पट केला तर वेग चौपट होतो, दहापट केला तर शंभरपट. म्हणून वाळू क्षणात बसते आणि चिकणमाती बसत नाही.

पण तेवढ्यावर भागत नाही. पाण्याचे रेणू सतत धडपडत असतात आणि या कणाला चहूबाजूंनी ढकलत असतात. रॉबर्ट ब्राऊन या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८२७ मध्ये परागातील सूक्ष्म कणांची ही वळवळ सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, आणि १९०५ मध्ये आइन्स्टाइनने तिचे गणित मांडले. ते गणित आपल्या कणाला लावले तर एक मौज दिसते. एक मायक्रॉनचा कण एका सेकंदात वळवळीमुळे सुमारे ०.९ मायक्रॉन इकडेतिकडे होतो, म्हणजे जेवढा पडतो जवळपास तेवढाच भटकतो. व्यास दहापट कमी केला, तर भटकणे पडण्याच्या तीनशेपटीहून अधिक होते. व्यास दहापट वाढवला तर बाजी उलटते, पडणे भटकण्याच्या तीनशेपट. म्हणजे निसर्गाने सीमारेषा नेमकी मायक्रॉनच्या आसपास आखली आहे. तिच्या अलीकडे रेणूंचे राज्य, पलीकडे गुरुत्वाकर्षणाचे. अलीकडच्या बाजूचे कण पाण्यात दीर्घकाळ राहतात त्या मिश्रणाला शास्त्रीय मराठीत कलिल म्हणतात. मूळ इंग्रजी संज्ञा थॉमस ग्रॅहम याने १८६१ मध्ये रूढ केली.

गुरुत्वाकर्षण या राज्यातही अगदी हद्दपार नसते, हे फ्रान्सच्या जाँ पेराँ याने १९०८ च्या सुमारास दाखवले. त्याने गँबोज नावाच्या पिवळ्या राळेचे एकसारखे गोलक पाण्यात सोडले आणि सूक्ष्मदर्शकाखाली वेगवेगळ्या उंचीवर किती आहेत ते मोजले. (गँबोज म्हणजे आपल्या कोकमाच्याच कुळातल्या झाडाचा चीक. कोकणच्या माणसाला हे सांगितल्याशिवाय राहवत नाही.) खाली दाट, वर विरळ, डोंगर चढताना हवा जशी विरळ होत जाते अगदी तशी, फक्त इथे किलोमीटरऐवजी मायक्रॉन. त्या मोजणीतून रेणूंची संख्या निघाली, अणू खरोखर असतात याबद्दलचा वाद मिटला आणि पेराँला १९२६ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

आता मुख्य मुद्दा. खाडीतला एकएकटा कण सात महिन्यांत बसत नसेल, तर बंदरे एका पावसाळ्यात भरतात कशी? उत्तर असे की कण एकटा बसतच नाही. तो सोबती गोळा करतो, गुठळी करतो आणि मग खाली येतो.

गुठळी होण्यासाठी दोन गोष्टी हव्यात. कण एकमेकांना भेटले पाहिजेत, आणि भेटल्यावर चिकटले पाहिजेत. आधी चिकटण्याचे पाहू. चिकणमातीचे कण पापुद्र्यांसारखे चपटे असतात आणि त्यांच्या पृष्ठावर ऋण विद्युतभार असतो. सगळ्यांचा भार सारखा, म्हणून ते एकमेकांना दूर लोटतात. गोड्या पाण्यात हे लोटणे दूरवर पोचते. पण पाण्यात मीठ आले की धनभारित आयन कणांभोवती दाटीने गोळा होतात, लोटण्याचा पल्ला तोकडा पडतो, आणि दोन कण एवढे जवळ येऊ शकतात की रेणूरेणूंमधले नेहमीचे आकर्षण त्यांना धरून ठेवते. यासाठी समुद्राइतके खारट पाणी लागतही नाही. लिटरला दोन-चार ग्रॅम मीठ पुरते, आणि समुद्रात तर सुमारे ३५ ग्रॅम असते. नदी खाडीला मिळते तिथेच गाळ बसतो, तो यामुळे. आखाताच्या या भागात तर बाष्पीभवनामुळे ते प्रमाण ४० च्याही वर गेलेले असते.

आयनावरचा भार जितका अधिक, तितका त्याचा हा गुण कितीतरी पटींनी वाढतो. सोडियम एकभारी, कॅल्शियम द्विभारी, ॲल्युमिनियम त्रिभारी. आणि ॲल्युमिनियम कशात असते? तुरटीत. पावसाळ्यात गढूळ पाण्याच्या हंड्यात आजी तुरटीचा खडा चार वेळा फिरवायची आणि मग "आता हात लावू नका रे" म्हणून दटावायची. त्यात दोन्ही पायऱ्या चोख होत्या. आधी ढवळायचे म्हणजे तुरटी सगळीकडे पोचते आणि कण एकमेकांवर आदळतात. मग ढवळणे थांबवायचे, कारण झालेल्या गुठळ्या नाजूक असतात, जास्त ढवळले तर मोडतात. मोठ्या जलशुद्धीकरण केंद्रात आजही हेच दोन टप्पे असतात, आधी वेगाने ढवळणे आणि मग अगदी हळू.

तुरटीच्याही आधीचा उपाय म्हणजे निवळीचे बी. संस्कृतात त्याला कतक म्हणतात आणि मनुस्मृतीतही पाणी शुद्ध करणारे फळ म्हणून त्याचा उल्लेख आहे. मडक्याच्या आतल्या बाजूला हे बी घासायचे आणि पाणी भरून ठेवायचे. झाड काजऱ्याच्या, म्हणजे कुचल्याच्या जवळच्या नात्यातले. पण काजऱ्यासारखे ते विषारी नाही. निवळीच्या बियांतल्या लांबलचक रेणूंची टोके एकाच वेळी अनेक कणांना धरतात आणि त्यांची मोट बांधतात. मराठीत 'निवळणे' हे क्रियापद आणि हे झाड यांतले आधी कोण हे भाषातज्ज्ञांनी ठरवावे. पण पाणी गाळणे आणि पाणी निवळणे यांत आपल्या भाषेने केलेला भेद शास्त्रशुद्ध आहे.

आता भेटण्याचे. कण एकमेकांना तीन प्रकारे भेटतात. पहिला प्रकार वळवळीचा: भटकता भटकता दोघे आदळतात. याचे गणित पोलंडच्या स्मोलुखोव्स्कीने १९१६-१७ मध्ये केले. समजा, लिटरभर पाण्यात एक मायक्रॉनच्या कणांची एक ग्रॅम माती आहे आणि प्रत्येक टक्कर चिकटण्यात संपते. तर स्वतंत्र फिरणाऱ्यांची संख्या निम्मी व्हायला जेमतेम चार मिनिटे लागतात. माती शंभरपट कमी, म्हणजे लिटरला दहा मिलिग्रॅम असेल तर तोच वेळ सात तासांवर जातो. गढूळ पाण्यात गुठळ्या लवकर होतात आणि नितळ पाण्यात उशिरा. म्हणजे गढूळ पाणी स्वतःच स्वतःला निवळण्याच्या मागे असते, आणि थोडेसे धूसर पाणी मात्र दिवसेंदिवस धूसरच राहते.

दुसरा प्रकार प्रवाहाचा. पाण्याचे थर वेगवेगळ्या गतीने सरकतात, वेगाच्या थरातला कण मागून येऊन संथ थरातल्याला गाठतो. भरती-ओहोटीच्या खाडीत याला तोटा नाही. मात्र प्रवाह फार जोराचा झाला की जुळलेल्या गुठळ्या पुन्हा फुटतात.

तिसरा प्रकार खास गुरुत्वाकर्षणाचा. मोठी गुठळी लवकर पडते, लहान हळू. दादर स्टेशनचा जिना उतरताना घाईचा माणूस जसा वाटेतल्या प्रत्येकाला धक्का देत जातो, तशी मोठी गुठळी खाली जाताना वाटेतले लहान कण अंगावर घेत जाते, मोठी होते, म्हणून आणखी वेगाने पडते आणि म्हणून आणखी कण गोळा करते. प्रत्यक्षात सगळेच लहान कण तिला सापडत नाहीत. पडणारी गुठळी पुढचे पाणी बाजूला सारते आणि त्याबरोबर हलके कणही बाजूला होतात, धावत्या ट्रकपुढचे वाळके पान काचेवर न आदळता वरून निघून जाते तसे. पण गुठळ्या भोकाभोकांच्या असल्याने थोडे पाणी त्यांच्या आरपार जाते आणि काही कण चाळणीत अडकावेत तसे अडकतात.

यातली गोम अशी की सुरुवातीला गुरुत्वाकर्षणाला या खेळात जवळपास काही काम नसते. कण इतके लहान की त्यांचे पडणे हिशेबात न धरले तरी चालेल. ते गप्प बसून वाट पाहते. वळवळ आणि मीठ मिळून कणांना गोळा करतात, गुठळी मायक्रॉनची सीमा ओलांडते, आणि त्या क्षणापासून सगळी सूत्रे गुरुत्वाकर्षणाच्या हाती जातात. प्रयोगशाळेत नुसते चिकटणे कसे होते हे अभ्यासायचे असेल तर म्हणूनच पंचाईत होते. कणांइतकेच जड पाणी वापरले (पॉलिस्टायरीनच्या कणांसाठी साध्या पाण्यात जड पाणी मिसळतात) तरी घनतेत तिळाएवढा फरक उरतोच, आणि गुठळी पुरेशी मोठी झाली की तेवढाही तिला पुरतो.

गुठळी म्हणजे भरीव ढेकूळ मात्र नव्हे. जत्रेत मिळणारे म्हातारीचे केस आठवा. दिसायला केवढे, आणि तोंडात घातले की काही नाही. गुठळीत बहुतांश पाणीच असते. दोनशे मायक्रॉनची गुठळी भोवतालच्या पाण्यापेक्षा लिटरमागे जेमतेम पन्नास ग्रॅम जड असू शकते. तरी तिचा वेग सेकंदाला सुमारे एक मिलिमीटर भरतो. १७ मीटर खोली ती साडेचार ते पाच तासांत पार करते. सात महिन्यांचे काम एका ओहोटीच्या आत!

आता न्हावा शेवाकडे परत जाऊ. ठाण्याची खाडी, पनवेलची खाडी आणि दक्षिणेला पाताळगंगा व अंबा नद्यांचे पाणी आणणारी धरमतरची खाडी, या सगळ्यांत सह्याद्रीच्या काळ्या पाषाणाची झीज येते. त्या पाषाणापासून होणारी चिकणमाती अतिशय बारीक आणि पाणी शोषून फुगणारी असते. देशावरची काळी कापसाची जमीन हिच्याच नात्यातली. पावसाळ्यात ती गोड्या पाण्याबरोबर येते आणि खाऱ्या पाण्याशी गाठ पडताच गुठळते. उधाणाच्या भरतीला प्रवाहाचा जोर असतो, तळचा चिखल ढवळून वर येतो. भरती संपून ओहोटी लागण्यापूर्वी पाणी थोडा वेळ थबकते, त्या तासाभरात गुठळी तीन-साडेतीन मीटर खाली उतरते. भांगाच्या दिवसांत प्रवाह मंद असतो, तेव्हा तळाशी बसलेले बरेचसे तिथेच राहते. नैसर्गिक खाडीत ही देवाणघेवाण कशीबशी समतोल राखते. माणसाने त्यात खोल चर खणला की चरात पाणी संथ होते, गाळ आत येतो आणि बाहेर पडण्याइतका जोर प्रवाहात उरत नाही.

जवाहरलाल नेहरू बंदर १९८९ मध्ये सुरू झाले, तेव्हापासून गाळ उपसणे हे तिथले न संपणारे काम आहे. मोठी जहाजे यावीत म्हणून २०१० नंतरच्या दशकात मुंबई बंदर आणि न्हावा शेवाचा सामाईक जलमार्ग दोन टप्प्यांत खोल केला गेला. असा मार्ग एकदा खोल करून सुटका नसते. तो खोल ठेवण्यासाठी दरवर्षी पुन्हा उपसावा लागतो. मार्ग कुठून न्यावा आणि कुठे किती गाळ बसेल याचा अंदाज बांधण्याच्या कामात पुण्याजवळ खडकवासल्याच्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्राचा मोठा वाटा आहे. ही संस्था १९१६ ची. समुद्रापासून एवढ्या दूर, घाटमाथ्यावर बसून खाड्यांच्या भरती-ओहोटीचे नमुने चालवणाऱ्या या संस्थेबद्दल पुणेकरांनाही फारशी माहिती नसते, याचे मला नेहमी नवल वाटते. उपसलेला गाळ टाकायचा कुठे, हा पुढचा प्रश्न. तो जिथे टाकतात तिथे पुन्हा तोच खेळ सुरू होतो. आणि ज्यांचे पोट खाडीतल्या मासळीवर आणि शिंपल्यांवर चालते त्या उरण-न्हाव्याच्या कोळ्यांना त्याची झळ पहिल्यांदा लागते. बंदराच्या हिशेबात उपशाचा खर्च रुपयांत मांडता येतो. गाळाखाली गेलेल्या कालवांच्या खडकाचा खर्च मांडायला रकाना नसतो.

तळाशी पोचलेला गाळ लगेच जमीनही होत नाही. गुठळ्या एकमेकींवर टेकून जाळे तयार करतात. वरचे वजन पडून मधले पाणी हळूहळू पिळून निघते, पण तोवर पिठल्यासारखा पातळ चिखल राहतो. त्यामुळे बंदराची खोली किती, या साध्या प्रश्नाला दोन उत्तरे मिळतात. खोली मोजायला पाण्यात ध्वनी सोडतात. उच्च वारंवारतेचा ध्वनी पातळ चिखलाच्या वरच्या थरावरूनच परततो. कमी वारंवारतेचा त्यातून आरपार जाऊन कठीण तळावरून परततो. दोहोंत मीटर-दोन मीटरचा फरक सहज पडू शकतो. हॉलंडमधल्या रॉटरडॅम बंदराने १९७० च्या दशकात ठरवले की लिटरला १२०० ग्रॅमपेक्षा हलका चिखल हा पाण्यातच धरायचा, जहाजाचा तळ त्यातून गेला तरी चालेल. त्यामुळे उपशाचा बराच खर्च वाचला.

असे जाळे कधीकधी फसवते. औषधाच्या बाटलीवर 'वापरण्यापूर्वी हलवा' असे लिहिलेले असते, रंगाच्या डब्यावरही. त्या बाटलीत कणांचे विरळ जाळे स्वतःचे वजन पेलून दिवसेंदिवस उभे असते, वरून काहीच घडत नाहीसे वाटते, आणि एखाद्या दिवशी ते अचानक कोसळून तळाला जाते. हे जाळे किती काळ टिकेल हे आधी सांगता येणे औषध आणि रंग बनवणाऱ्यांना फार हवे असते. आतल्या आत जोडण्या तुटत-जुळत राहतात आणि गुरुत्वाकर्षणाचा ताण चोवीस तास चालू असतो. बाटली बाळाच्या तापाच्या औषधाची असेल, तर न हलवता दिलेला पहिला चमचा फिका आणि तळातला शेवटचा चमचा दामदुप्पट. तेवढी काळजी घ्यावी.

परदेशात आलेल्या मराठी गृहिणीची एक जुनी तक्रार इथेच सांगून टाकतो: "इथल्या दुधाला साय धरत नाही." दूध हेही कलिलच, फक्त इथे कण पाण्यापेक्षा हलके, म्हणून गुरुत्वाकर्षण त्यांना वर पाठवते. गायीच्या ताज्या दुधातले स्निग्ध गोलक सरासरी तीन-चार मायक्रॉनचे असतात आणि थंड केल्यावर दुधातल्याच एका प्रथिनामुळे घडाघडाने चिकटतात. त्यामुळे वर यायला त्यांना काही तास पुरतात. डेअरीत मोठ्या दाबाखाली हेच गोलक एक मायक्रॉनच्या आत फोडतात. म्हणजे त्यांना आपल्या त्या सीमारेषेच्या अलीकडे ढकलून देतात. मग ते बिचारे भटकत राहतात, वर येत नाहीत. तक्रार गायीविरुद्ध नव्हे, यंत्राविरुद्ध आहे.

गुरुत्वाकर्षण काढूनच टाकले तर काय होईल? याचे उत्तर अंतराळात जाऊन मिळवले आहे. अमेरिकेत पेन्सिल्व्हेनियाच्या लीहाय विद्यापीठातील शास्त्रज्ञांना पॉलिस्टायरीनचे अगदी एकसारखे गोलक हवे होते. जमिनीवर काही मायक्रॉनपर्यंत काम नीट चाले. त्याहून मोठे करायला गेले की गोलक आधी तरंगून वर येत, पक्के झाल्यावर खाली बसत, आणि त्यांना सावरण्यासाठी जोरात ढवळले की गुठळ्या होत. १९८२ पासून स्पेस शटलच्या काही उड्डाणांत हेच काम भारहीन अवस्थेत केले गेले आणि दहा मायक्रॉनचे सुरेख गोलक मिळाले. १९८५ मध्ये अमेरिकेच्या मानक संस्थेने ते मोजमापासाठी विकायला काढले. अंतराळात तयार होऊन बाजारात आलेला हा पहिला माल!

पुढे ऑक्टोबर १९९५ मध्ये कोलंबिया यानातून प्रिन्स्टन विद्यापीठातील गटाने आणखी एक प्रयोग पाठवला. कणांनी गच्च भरलेले काही नमुने पृथ्वीवर वर्षभर ठेवले तरी काचेसारखे अव्यवस्थितच राहिले होते. यानात ते दोन आठवड्यांच्या आत स्फटिकांसारखे शिस्तीत रचले गेले. स्फटिकांना तर बर्फाच्या नक्षीसारख्या फांद्याही फुटलेल्या दिसल्या. पृथ्वीवर असल्या नाजूक फांद्या वाढण्याआधीच स्वतःच्या वजनाने खाली बसतात. गुरुत्वाकर्षण गुठळ्या घडवते, तसे त्यांचे बारकावे पुसूनही टाकते, हे तिथे उघड झाले.

हमद पोर्टला मात्र गुरुत्वाकर्षण पुरेपूर आहे. गाळ थोडा आहे, एवढेच. इथे नदी नाही. बेसिन चार किलोमीटर लांब आणि सातशे मीटर रुंद, आणि ते समुद्र उपसून नव्हे तर किनाऱ्यावरची जमीन कोरडी खणून, मग आत पाणी घेऊन केलेले. कोरडे खणण्याचा एक फायदा असा की खोदकामाची पूड समुद्रात मिसळत नाही. प्रवेशमार्गासाठी समुद्रतळ उपसावाच लागला. चुनखडीची पूड पाण्यात मिसळली की दुधासारखे पांढरे लोट पसरतात. समुद्रगवतावर आणि प्रवाळांवर ती बसली की उजेड तुटतो आणि ते गुदमरतात. म्हणून बंदराचे काम सुरू होताना या भागातले प्रवाळ, समुद्रगवत आणि तिवरे दुसरीकडे हलवण्यात आली. अशा कामात पाण्यात उभे पडदे सोडतात, तेही एक प्रकारे वेळ मिळवण्यासाठीच: पडद्याच्या आत पाणी संथ ठेवायचे, गुठळ्या होऊ द्यायच्या आणि त्या आतच बसू द्यायच्या.

बंदर बांधून झाल्यावर इथे येणारी माती मुख्यतः आकाशातून येते. शमाल वारा सुटला की दोह्यातल्या गच्च्यांवर, गाड्यांवर आणि दोरीवरच्या कपड्यांवर जी पूड साचते, तीच समुद्रावरही पडते. तिच्यातले मोठे कण लवकर बुडतात. बारीक कणांना गुठळायला मीठ इथे मुबलक, पण सोबती थोडे. आणि वर पाहिलेच की दहा मिलिग्रॅमच्या पाण्यात पहिली निम्मी भेटगाठ व्हायलाच सात तास लागतात. उरलेले काम शेवाळाच्या चिकट स्रावावर आणि सूक्ष्म जीवांच्या विष्ठेवर अवलंबून. धुळीच्या वादळानंतर पाणी दोन-चार दिवस धूसर दिसते, त्याचे कारण हे.

ही धूसरता जहाजांना त्रास देत नाही, पण शेजारी देते. बंदराजवळच उम्म अल हौलचा वीज आणि पाण्याचा प्रकल्प आहे. तिथे समुद्राचे पाणी उकळूनही गोडे करतात आणि पडद्यांतून दाबून, आरओ पद्धतीनेही. आपल्या नळाला येणारे पाणी जवळपास सगळे अशाच प्रकल्पांतून येते. आरओच्या पडद्यांना मोठी वाळू घाबरवत नाही, ती आधीच अडते. त्यांचा खरा शत्रू मायक्रॉनच्या खालचा कण, जो बसतही नाही आणि गाळलाही जात नाही, पडद्यावर थर धरून बसतो. म्हणून अशा प्रकल्पांत आधी लोहाचे क्षार घालून कणांच्या गुठळ्या करतात. आजीच्या तुरटीचाच हा भाऊबंद, लोहही त्रिभारीच. पण इथले कण बरेचसे शेवाळाचे, पाण्याइतकेच जड, त्यांच्या गुठळ्या बुडता बुडत नाहीत. २००८-०९ मध्ये आखातात तांबड्या शेवाळाची लाट आली तेव्हा काही प्रकल्प त्यामुळे बंद ठेवावे लागले होते. त्यानंतर या भागात एक उलटी पद्धत अधिक वापरात आली. दाबाखाली हवा विरघळवलेले पाणी टाकीत सोडायचे, सोड्याची बाटली उघडल्यासारखे त्यातून बारीक बुडबुडे निघतात, गुठळ्यांना चिकटतात आणि त्यांना वर घेऊन येतात. मग पृष्ठभागावर आलेला तो तवंग, दुधावरची साय काढावी तसा वरच्या वर खरवडून काढतात.